शून्य, रिकामे आणि गैरहजर

परीक्षेचा अर्ज, शिधापत्रिकेतील दुरुस्ती, रेल्वेचे आरक्षण, महाविद्यालयातील प्रवेश ही कामे आता आपण बहुधा पडद्यावरील चौकटी भरून करतो. अखेरीस 'सादर करा' हे बटण दाबले की आपले काम संपले, असे आपण समजतो. परंतु पलीकडच्या बाजूचे काम तेथून सुरू होते. आपण भरलेला मजकूर दूरच्या संगणकाकडे एका पत्राच्या रूपाने जातो आणि हे पत्र म्हणजे अक्षरांची केवळ एक ओळ असते. तेथील आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रॅमला, ओळ घेऊन काम करता येत नाही. तिला 'विद्यार्थी', 'गुणपत्रक', 'अर्ज' अशा घडीव वस्तू लागतात. ओळीची वस्तू करण्याची ही क्रिया क्षणार्धात उरकते. तरीही माणसाचे नाव, त्याची जन्मतारीख, त्याचे गुण यांचा अर्थ टिकणार की बिघडणार, हे त्याच क्षणार्धात ठरते. म्हणून आज या क्रियेचा विचार करू.

या पत्राची जी रीत आज सर्वाधिक रूढ आहे तिला 'जेसन' म्हणतात. 'जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन' या लांबलचक नावाचे ते आद्याक्षरी रूप. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी २००१ च्या सुमारास तिला हे नाव दिले व तिचे नियम लिहून काढले. ही रीत आपण निर्माण केली नाही, ती जावास्क्रिप्ट भाषेत आधीपासून होती, आपण ती केवळ ओळखली, असे ते सांगत आले आहेत. पुढे २००६ मध्ये तिचा पहिला लेखी दस्तऐवज प्रसिद्ध झाला, २०१३ मध्ये 'एक्मा' या मानक ठरविणाऱ्या संस्थेने तिला मान्यता दिली आणि २०१७ मध्ये इंटरनेटवरील तिचे सध्याचे नियम निश्चित झाले.

हे नियम आश्चर्य वाटावे इतके थोडे आहेत. जेसनमध्ये सहाच प्रकारच्या गोष्टी लिहिता येतात : अवतरणचिन्हांतील मजकूर, संख्या, खरे-खोटे, 'काही नाही' असे सांगणारा 'नल' हा शब्द, गोष्टींची यादी, आणि महिरपी कंसांत बांधलेला, प्रत्येक मूल्याला शीर्षक असलेला समूह. मारिया नावाच्या एका मुलीचे गुण पाठवावयाचे झाले तर पत्र असे होईल :

{"नाव": "मारिया", "क्रमांक": "००४२", "मराठी": ७१, "गणित": ०}

येथे वाचकांच्या सोयीसाठी आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष पत्रात शीर्षके आणि मजकूर देवनागरीत चालतात, संख्या मात्र इंग्रजी लेखनातील अंकांतच लिहावी लागते. देवनागरी अंक अवतरणचिन्हांत आला तर तो मजकूर म्हणून स्वीकारला जातो आणि अवतरणचिन्हांवाचून आला तर सगळे पत्रच नियमबाह्य ठरते.

आता पत्र घेणाऱ्याकडे वळू. बँका, सरकारी खाती व मोठ्या संस्था यांच्या कामकाजात 'जावा' ही भाषा पुष्कळ वापरली जाते. नावांत साम्य असले तरी जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. दोन्ही १९९५ मध्ये जगापुढे आल्या. जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग यांच्या पुढाकाराने घडली, तर जावास्क्रिप्ट नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी रचली. दोघींच्या स्वभावात मोठे अंतर आहे. जावास्क्रिप्ट मोकळी आहे. तिच्यात एका नावाखाली सकाळी संख्या आणि सायंकाळी मजकूर ठेवला तरी तिची तक्रार नसते. जावाला मात्र प्रत्येक गोष्टीची जात आधी सांगावी लागते. 'नाव' हा मजकूर, 'गणित' ही पूर्णसंख्या, 'जन्मतारीख' ही तारीख, असा साचा तिच्यात प्रथम तयार करावयाचा असतो. या साच्याला 'क्लास' म्हणतात आणि त्यातून पडणाऱ्या प्रत्येक प्रतीला 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू. साचा एकच असतो, विद्यार्थी हजार असले तर वस्तू हजार होतात.

पत्रातून वस्तू होते तरी कशी? प्रथम पत्राच्या पाकिटावरील सूचना वाचली जाते. 'आत जेसन आहे' असे तिच्यावर लिहिलेले असावे लागते. ते नसेल आणि घेणारा फक्त जेसनच स्वीकारीत असेल, तर ४१५ या क्रमांकाचा नकार परत जातो. नंतर तारेतून आलेल्या बाइटांची अक्षरे केली जातात. मग अक्षरांचे तुकडे पडतात : हा कंस उघडला, हे शीर्षक, हे विसर्गासारखे चिन्ह, हे मूल्य, हा स्वल्पविराम. एखादा कंस मिटावयाचा राहिला असेल तर काम तेथेच थांबते आणि ४०० क्रमांकाचे उत्तर जाते, म्हणजे 'आपले पत्र वाचता आले नाही'. सर्व ठीक असेल तर साच्यातून एक कोरी वस्तू काढतात, पत्रातील एकेक शीर्षक घेऊन त्याच नावाची जागा साच्यात शोधतात, मूल्य त्या जागेच्या जातीत बदलतात आणि तेथे ठेवतात. मूल्य स्वतःच एक समूह असेल, उदाहरणार्थ घरचा पत्ता, तर त्यासाठी आतला साचा घेऊन हीच क्रिया पुन्हा होते.

पूर्वी प्रोग्रॅमर हे सारे हाताने लिहीत. एका अर्जात चाळीस चौकटी असल्या तर चाळीस वेळा तेच ते. आता त्यासाठी तयार ग्रंथालये आहेत. जावाच्या जगात 'जॅक्सन' हे त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणावे लागेल. गूगलने २००८ मध्ये 'जीसन' खुले केले, आणि २०१७ मध्ये जावाच्या अधिकृत संचातही याच कामाचे एक मानक दाखल झाले. 'स्प्रिंग' नावाच्या लोकप्रिय चौकटीत तर 'पत्राचा मजकूर या साच्यात ओत' अशा अर्थाची एक खूण एका शब्दाने केली की पुढील सर्व कामे जॅक्सन परस्पर करते. सोय मोठी आहे. परंतु जे काम आपल्या डोळ्यांआड होते त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभवही तितकाच मोठा असतो.

आम्हां शिक्षकांना एक भेद पहिल्या वर्षापासून शिकविला जातो. गुणपत्रकात शून्य लिहिणे वेगळे आणि 'गैरहजर' लिहिणे वेगळे. शून्य म्हणजे मुलगी आली, बसली, पेपर दिला आणि तिला काही जमले नाही. गैरहजर म्हणजे ती आलीच नाही. कदाचित तापाने फणफणली असेल, कदाचित घरात मृत्यू झाला असेल. तिसरीही एक स्थिती असते : पेपर दिला आहे, पण तपासून झालेला नाही. कागदावर या तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसतात. संगणकाच्या साच्यात त्या वेगळ्या राहतीलच असे नाही.

जावामध्ये पूर्णसंख्येसाठी 'इंट' नावाची एक साधी जात आहे. तिची अडचण अशी, की तिच्यात रिकामेपणा मावत नाही. कोरी वस्तू साच्यातून निघते तेव्हा 'इंट' जातीच्या जागेत आपोआप शून्य पडलेले असते. आता पत्रात 'गणित' हे शीर्षकच आले नाही, तर त्या जागेला कोणी हात लावीत नाही आणि ते शून्य तसेच राहते. पत्रात 'गणित' पुढे 'नल' असे स्पष्ट लिहिले असले, तरी जॅक्सनची दुसरी मालिका, तिला वेगळी आज्ञा दिलेली नसेल तर, तेथे शून्यच ठेवते. कोठेही तक्रार होत नाही, तांबडा दिवा लागत नाही. वस्तू तयार होते, ती साठवणीत जाते, बेरीज होते, टक्केवारी निघते आणि जी मुलगी परीक्षेला आलीच नाही ती गणितात शून्य मिळवून नापास होते. पाठविणाऱ्याने हे लिहिले नव्हते, घेणाऱ्यालाही ते म्हणावयाचे नव्हते. दोघांच्या मधल्या साच्याने ते म्हटले.

यावर पहिला उपाय सोपा आहे. जावामध्ये 'इंटिजर' नावाची दुसरी जात आहे. तिच्यात संख्या ठेवता येते आणि 'काहीही नाही' हेही ठेवता येते. ती वापरली तर रिकामी जागा रिकामीच राहते. पुढे कोणी तिची बेरीज करू लागला तर आज्ञावली चूक दाखवून थांबते. हे थांबणे प्रोग्रॅमरला नकोसे वाटते, पण मूकपणे पडणाऱ्या शून्यापेक्षा ओरडून थांबणारी चूक शतपटीने बरी.

तथापि एवढ्याने भागत नाही, कारण रिकाम्या जागेचेही अर्थ अनेक असतात. दुरुस्तीच्या अर्जात 'दूरध्वनी' हे शीर्षक मुळीच आले नाही तर त्याचा अर्थ बहुधा 'आहे तो क्रमांक राहू द्या' असा असतो. तेच शीर्षक 'नल' घेऊन आले तर 'तो क्रमांक काढून टाका' असा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीपत्राच्या एका मानकाने हाच भेद नियम म्हणून लिहून ठेवला आहे. साध्या साच्यात मात्र दोन्ही पत्रांची वस्तू एकसारखीच दिसते आणि भेद पुसला जातो. म्हणून जेथे मनुष्याचे हित गुंतले आहे तेथे रिकामेपणावरून अर्थ काढू नये, अर्थ स्पष्ट शब्दांत मागावा. गुणांच्या शेजारी 'स्थिती' असे वेगळे शीर्षक ठेवावे आणि त्यात 'उपस्थित', 'गैरहजर', 'तपासणी बाकी' यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे असा नियम करावा. जावामध्ये असे मोजके शब्द ठरवून देणारी 'एनम' नावाची जात आहे, ती नेमकी याच कामाची आहे.

हाच न्याय इतर चौकटींना लावून पाहू. मारियाचा परीक्षा-क्रमांक ००४२ आहे. हा संख्येसारखा दिसतो, पण आपण त्याची कधी बेरीज-वजाबाकी करीत नाही, म्हणून ते एक नावच आहे. ते संख्या म्हणून लिहू गेल्यास जेसन सुरुवातीची शून्ये स्वीकारीत नाही, आणि कोणी ती गाळून पाठविले तर ००४२ चे ४२ होते व निकालाशी मेळ बसत नाही. भ्रमणध्वनीचा क्रमांक, पिनकोड, बँकेचे खाते यांनाही तेच लागू आहे. फार लांब क्रमांकांत तर आणखी एक धोका असतो. जावाची 'लाँग' ही जात एकोणीस अंकी संख्या सांभाळते, परंतु जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ या सोळा अंकी संख्येच्या पुढे प्रत्येक पूर्णसंख्या अचूक राहील याची हमी नसते. २०१० मध्ये ट्विटर कंपनीच्या संदेशक्रमांकांनी ही मर्यादा गाठण्याची वेळ आली, तेव्हा तिने प्रत्येक क्रमांक मजकुराच्या रूपातही देण्यास आरंभ केला. ज्याचे गणित करावयाचे नाही ते अवतरणचिन्हांत असावे, हा नियम साधा आहे आणि पुष्कळ घोटाळे टाळणारा आहे.

पैशाचे गणित तर करावयाचेच असते. तेथे 'डबल' ही जात घेतली की दशांशांची दुमानात मोडतोड होते. दहा पैसे आणि वीस पैसे, म्हणजे ०.१ आणि ०.२ रुपये, यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते. एका पावतीत हा फरक दिसत नाही, पण दोन रकमा समान आहेत का अशी तुलना करताना तो उघडा पडतो. त्यासाठी जावामध्ये 'बिगडेसिमल' ही जात आहे. ती दशमान आकडा जसा लिहिला तसा ठेवते.

तारखेची कथा याहून विलक्षण आहे. जेसनच्या सहा प्रकारांत तारीख नाहीच. ती मजकूर म्हणूनच पाठवावी लागते. ०३/०४/२०१२ हे भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०१२-०४-०३ असे लिहिण्याची आंतरराष्ट्रीय रीत पाळावी. पण रीत पाळूनही तारीख बदलू शकते. जावास्क्रिप्टने ३ एप्रिलची भारतीय मध्यरात्र हा एक क्षण धरला आणि पत्र लिहिताना तो ग्रिनिच प्रमाणवेळेत मांडला, तर आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने पत्रात २ एप्रिल, सायंकाळचे १८ वाजून ३० मिनिटे असे उमटते. घेणाऱ्याने त्यातील वेळ टाकून केवळ तारीख ठेवली की मूल एक दिवस आधी जन्मास आले! जन्मतारीख म्हणजे पंचांगातील एक दिवस असतो, काळाच्या प्रवाहातील क्षण तिच्यात नसतो. जावाच्या २०१४ मधील आठव्या आवृत्तीत 'लोकलडेट' ही जात आली. तिच्यात तास नाहीत, प्रमाणवेळ नाही, केवळ दिवस आहे. पाठविणाऱ्यानेही केवळ दिवसच पाठवावा.

राहिले नाव. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला 'यूटीएफ-८' या संकेतपद्धतीत तीन बाइट लागतात. 'मारिया' या शब्दात तीन अक्षरे व तीन मात्राचिन्हे मिळून सहा चिन्हे, म्हणून अठरा बाइट. वाचणाऱ्याने दुसरी एखादी पद्धत धरली तर त्याच अठरा बाइटांची अठरा निरर्थक चिन्हे होतात. २०१७ च्या नियमांनी, निरनिराळ्या संस्थांच्या संगणकांत जाणारे जेसन यूटीएफ-८ मध्येच असले पाहिजे, असे बंधन घातले. जावानेही २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून हीच पद्धत स्वाभाविक मानली. आपल्या दृष्टीने याचे मोल थोडे नाही. बेळगावात एकाच घरातील कागदांवर नाव देवनागरीत आणि कन्नडमध्ये असते, बडोद्यात देवनागरीत आणि गुजरातीत, हैदराबादेत देवनागरीत आणि तेलुगूत. ही सर्व रूपे एकाच पत्रात शेजारी शेजारी सुखरूप जाऊ शकतात. नाव रोमन लिपीतच भरा, असा आग्रह धरण्यास निदान या तंत्राचे कारण देता येणार नाही.

आतापर्यंत प्रामाणिक पत्राचा विचार केला. अप्रामाणिक पत्राचे काय? समजा, साठवणीतील साच्यात 'उत्तीर्ण' अशीही एक जागा आहे. अर्जाच्या पडद्यावर तशी चौकट नाही, परंतु पत्र लिहिणाऱ्याला पडद्याची गरजच नसते. त्याने हाताने एक पत्र रचले आणि त्यात "उत्तीर्ण": खरे, असे जास्तीचे शीर्षक घातले, तर तत्पर ग्रंथालय त्या नावाची जागा शोधते, ती सापडते आणि मूल्य बसविते. हा काल्पनिक धोका नव्हे. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने 'गिटहब' या संकेतस्थळाला अर्जातून असेच एक जास्तीचे मूल्य पाठवून, स्वतःस अधिकार नसलेल्या प्रकल्पात लेखनाचा अधिकार मिळवून दाखविला. ते संकेतस्थळ जावात नव्हे, रूबी भाषेतील 'रेल्स' चौकटीत बांधलेले होते. परंतु दोषाचे मूळ भाषेत नसून विश्वासात होते.

त्याहून गंभीर प्रकार २०१७ मध्ये जॅक्सनमध्येच आढळला. वस्तू कोणत्या साच्यातून काढावी हे पत्रानेच सांगावे, अशी एक सवलत त्यात ठेवता येत असे. ही सवलत मोकळेपणाने दिलेल्या ठिकाणी, दुष्ट हेतूचे पत्र असा एखादा साचा नेमून देई की वस्तू घडता घडताच परक्याच्या आज्ञा त्या संगणकावर चालाव्या. २०१९ मधील २.१० या आवृत्तीत, कोणते साचे चालतील याची यादी आधी देण्याची सोय झाली. आलेल्या पाहुण्याने कोणत्या खोलीत बसावे हे यजमानाने ठरवावे, पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या देऊ नयेत.

म्हणून जाणते प्रोग्रॅमर पत्र घेण्यासाठी साठवणीचा साचा वापरीत नाहीत. ते दारापाशी एक वेगळा, अरुंद साचा ठेवतात. अर्जात जेवढ्या चौकटी, तेवढ्याच जागा त्यात असतात. 'उत्तीर्ण' ही जागाच नसली तर ते मूल्य बसणार कोठे? जावाच्या २०२१ मधील सोळाव्या आवृत्तीपासून कायम झालेली 'रेकॉर्ड' ही रचना अशा साच्यांस फार सोयीची आहे, कारण तिच्यातील मूल्ये एकदा भरल्यावर बदलता येत नाहीत. त्यानंतर तपासणी करावी : नाव कोरे नाही ना, गुण शून्य ते शंभर यांच्या आत आहेत ना, गैरहजर म्हणून गुणही लिहिलेले नाहीत ना. पत्रातून वस्तू झाली एवढ्याने मजकूर बरोबर ठरत नाही. गणितात ७१० गुण लिहिलेले पत्रही व्याकरणदृष्ट्या निर्दोषच असते.

आणि चूक सापडली तर ती माणसाला समजेल अशा भाषेत सांगावी. 'विनंती अवैध' एवढेच लिहिलेला पडदा पाहून खेड्यातला पालक काय करणार? 'जन्मतारखेत महिन्याच्या जागी १३ आले आहे' असे सांगितले तर तो स्वतःच दुरुस्ती करील. कोणते शीर्षक अडले आणि का अडले, हे ग्रंथालयाला ठाऊक असते. ते मराठीत मांडण्याचे कष्ट तेवढे कोणी घेतले पाहिजेत.

श्रोतेहो, आपणांपैकी फारच थोडे जण जावा लिहितील. परंतु शाळेच्या समितीवर, पतपेढीच्या मंडळावर, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आपल्यातील अनेक जण आहेत, आणि या संस्था आज ना उद्या आपले अर्ज संगणकावर नेणार आहेत. ते काम करून देणारा तुमच्यापुढे येईल तेव्हा पडद्याचे रंग पाहण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. एखादी चौकट कोणी भरलीच नाही तर तुमच्याकडे काय नोंदले जाते? आम्ही न मागितलेली गोष्ट कोणी पाठविली तर तिचे काय होते? आणि चूक झाली तर भरणाऱ्याला ती कोणत्या शब्दांत कळते? पहिल्या प्रश्नाला 'तेथे शून्य पडते' असे उत्तर मिळाले, तर काम घेण्यापूर्वी ते बदलून मागा. गैरहजर मुलीला शून्य देण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही, तो साच्यालाही असू नये.